स्थौल्यावरील शस्त्रकर्म : कोणते, आणि कोणासाठी?

खोपोली परिसरातील एका कारखान्यात पाळीने काम करणारे त्रेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ तीन वर्षांपूर्वी दोन कागद घेऊन चिकित्सालयात आले. उंची १६५ सेंमी, वजन ११२ किलो. सहा वर्षांचा मधुमेह, त्यासाठी दोन प्रकारच्या गोळ्या, एचबीए१सी ८.६. रात्री आडवे झाले की छातीत जळजळ आणि आंबट पाणी घशाशी. गालात तंबाखूची गोळी. दोन कागद दोन शहरांतील दोन रुग्णालयांचे होते. एकावर ‘स्लीव्ह’ लिहिले होते, दुसऱ्यावर ‘मिनी बायपास’. “डॉक्टरसाहेब, दोन्ही सर्जन चांगलेच वाटले, पण दोघं दोन सांगतात. तुम्ही आमचं घर ओळखता. कोणतं करू ते तुम्हीच सांगा,” असे ते म्हणाले.

असा प्रश्न आता कर्जत-खालापूरमधील आपल्या अनेक व्यवसायबंधूंसमोर येत असतो. सप्टेंबर २०११ मध्ये श्री. नितीन गडकरी यांच्यावर मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून या शस्त्रकर्माचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. मात्र ‘पोटाची पिशवी लहान करतात’ यापलीकडे रुग्णाला फारसे ठाऊक नसते, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर आपल्यालाही नसते. शस्त्रकर्म करणारा सर्जन नवी मुंबईत, मुंबईत किंवा पुण्यात असतो. परंतु शस्त्रकर्मानंतर रात्री अकरा वाजता उलट्या सुरू झाल्या तर रुग्ण दार ठोठावतो ते खोपोली, चौक, नेरळ किंवा कशेळे येथील आपले. म्हणून कोणते शस्त्रकर्म निवडले जाते याच्याशी आपला थेट संबंध आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच की, त्या निवडीत जी माहिती फक्त आपल्यापाशी असते ती वेळेवर सर्जनपर्यंत पोहोचावी.

शस्त्रकर्म मुळात कोणासाठी?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अष्टौनिन्दितीय अध्याय आपणा सर्वांना परिचित आहे. अतिस्थूलाच्या आठ दोषांत आयुष्याचा ऱ्हास प्रथम गणला आहे, आणि मेदाने मार्ग रोधल्यामुळे कोष्ठातील वायू अग्नीला सतत चेतवतो, त्यामुळे स्थूल मनुष्याची भूक अधिकच वाढते, असे संप्राप्तीचे वर्णन आहे. वजन घटू लागताच शरीर भूक वाढवून ते परत मिळवू पाहते, हे आजचे शरीरक्रियाशास्त्रही सांगते. केवळ ‘तोंडावर ताबा ठेवा’ हा उपदेश अतिस्थूल रुग्णात का फसतो, याचे उत्तर दोन्हीकडे एकाच दिशेचे आहे. मात्र येथेच थांबावे. स्लीव्ह म्हणजे अमुक दोषाचे शमन आणि बायपास म्हणजे तमुक, अशा ओढूनताणून केलेल्या जुळवाजुळवीने रुग्णाचा काहीच लाभ होत नाही.

वजनाचा किलोग्रॅममधील आकडा उंचीच्या मीटरमधील वर्गाने भागला की बीएमआय मिळतो. वरील गृहस्थांचा बीएमआय ४१ होता. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या १९९१ मधील परिषदेने बीएमआय ४०, किंवा सहव्याधी असल्यास ३५, ही मर्यादा घातली होती. २०२२ मध्ये या क्षेत्रातील दोन प्रमुख संघटनांनी ती ३५ वर, आणि चयापचयाची व्याधी असल्यास ३० वर आणली. आशियाई लोकांत कमी वजनालाही मधुमेह व हृद्रोग जडतात, म्हणून आपल्यासाठी २७.५ पासून विचार करावा असेही त्यांनी सुचवले. विचार करावा याचा अर्थ शस्त्रकर्म करावेच असा नव्हे. नेरळकडील एक तरुण बीएमआय २९ असताना, कोणतीही व्याधी नसताना, केवळ लग्न जमत नाही म्हणून शस्त्रकर्माची चौकशी करीत आला होता. त्याला लंघन, व्यायाम आणि थोडा धीर एवढेच पुरेसे होते. उलट बीएमआय ४२, मधुमेह आणि झोपेत श्वास अडकणे अशा रुग्णाला वर्षानुवर्षे मेदोहर गुग्गुळ व उद्वर्तनावर ठेवणे हेही योग्य नाही. तो दोष आपला आहे आणि तो आपणच मान्य केला पाहिजे.

येथे पैशाचाही प्रश्न येतो. खासगी रुग्णालयात खर्च काही लाखांत जातो. विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणित अटींनुसार बीएमआय ४०, किंवा अनियंत्रित मधुमेह, हृद्रोग, झोपेतील तीव्र श्वासावरोध यांसारख्या व्याधींसह ३५ असल्यासच विमा कंपनीवर खर्चाचे बंधन येते. म्हणजे वैद्यकीय मर्यादा खाली आली तरी विम्याची मर्यादा वरच राहिली. शिवाय प्रतीक्षाकाळ असतो. रुग्णाने तारीख ठरवण्यापूर्वी पॉलिसी वाचून घ्यावी, हे त्याला आपणच सांगावे.

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपाटाइड आणि जून २०२५ मध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने भारतात आली. मोठ्या चाचण्यांत सेमाग्लुटाइडने सुमारे १५ टक्के आणि टिर्झेपाटाइडने सर्वाधिक मात्रेत सुमारे २१ टक्के वजन घटले. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर मात्र वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परतला. ज्याचा बीएमआय ३० ते ३५ आहे त्याने सर्जनकडे जाण्याआधी या औषधांविषयी तज्ज्ञाशी बोलणे रास्त ठरेल.

शस्त्रकर्मांचे स्वरूप

जठरव्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या स्त्रियांचे वजन पुन्हा वाढत नाही, हे आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आले. त्यांनी चिकाशी इटो यांच्यासह १९६७ मध्ये गॅस्ट्रिक बायपास प्रसिद्ध केले. आज भारतात प्रामुख्याने तीन शस्त्रकर्मे केली जातात, तिन्ही दुर्बिणीतून.

पहिले स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. जठराचा बाहेरच्या वक्र बाजूचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी उरते. आतड्याला हात लावला जात नाही. भुकेचे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यत्वे ज्या भागात तयार होते तोच काढला जात असल्याने भूकही मंदावते. शस्त्रकर्म तुलनेने लवकर आटोपते, म्हणून अत्यंत स्थूल रुग्णात पहिला टप्पा म्हणून ते करतात. २०१७ मध्ये इजिप्तहून मुंबईत आणलेल्या, सुमारे ५०० किलो वजनाच्या इमान अहमद यांच्यावर स्लीव्हच करण्यात आली होती. (त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबीत त्यांचे निधन झाले, इतक्या वजनानंतर शरीरातील इतर अवयव किती थकलेले असतात, हे त्यातून दिसले.) काढलेला भाग परत जोडता येत नाही. शिवाय उरलेल्या नळीतील दाब वाढल्याने आम्ल वर चढते.

दुसरे रू-एन-वाय बायपास. अन्ननलिकेच्या खाली जठराची जेमतेम ३० मिली मावेल एवढी पिशवी वेगळी करून तिला लहान आतड्याचा खालचा भाग जोडतात. अन्न उर्वरित जठर व ग्रहणी यांना वळसा घालून जाते. पाचक रस दुसऱ्या शाखेने येऊन पुढे मिसळतात. आतड्याची रचना इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी होते, म्हणून हे नाव. आम्ल वर येण्याचा त्रास बहुधा निवळतो आणि मधुमेहावर परिणाम अधिक होतो. मात्र लोह, कॅल्शियम आणि बी-१२ यांचे शोषण कायमचे घटते. जोडाच्या जागी व्रण होऊ शकतो. वजन उतरल्यावर आतड्याच्या पदरांत ज्या फटी पडतात त्यांत आतडे अडकून पीळ पडू शकतो. हा प्रकार वर्षा-दोन वर्षांनीही घडतो, हे ध्यानात ठेवावे.

तिसरे एका जोडाचे बायपास, ज्याला रुग्ण ‘मिनी बायपास’ म्हणतात. अमेरिकेतील रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ मध्ये ते सुरू केले. जठराची लांब नळी करून तिला सुमारे १५० ते २०० सेंमी खाली आतडे जोडतात. जोड एकच असल्याने काम सोपे, वजनही चांगले उतरते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील योमेगा चाचणीत वजन उतरण्यात ते रू-एन-वायच्या तोडीस तोड ठरले; पण २०० सेंमी आतडे वगळल्यामुळे अतिसार आणि पोषणाच्या तक्रारी अधिक दिसल्या. पित्त जठरात येणे हा त्याचा आणखी एक दोष.

जठराला पट्टा बांधण्याचे शस्त्रकर्म आता मागे पडले आहे. ड्युओडेनल स्विचसारखी, आतड्याचा बराच भाग वगळणारी शस्त्रकर्मे वजन सर्वांत जास्त उतरवतात आणि कुपोषणही सर्वांत जास्त करतात. आपल्या भागातील रुग्णाला ती सुचवली गेली तर दुसरे मत घेण्यास सांगावे, असे माझे मत आहे.

निवड कशावर ठरते?

रुग्ण विचारतो, “कशात जास्त किलो उतरतील?” हा प्रश्न वाटतो तितका महत्त्वाचा नाही. फिनलंडमधील स्लीव्हपास चाचणीत दहा वर्षांनी अतिरिक्त वजनापैकी स्लीव्हने सुमारे ४३ टक्के आणि बायपासने ५१ टक्के वजन कमी राहिले. फरक आहे, पण शेजाऱ्याचे चाळीस किलो उतरले म्हणून आपलेही उतरतील एवढ्या भरवशाचा नाही. निर्णय खरा ठरतो तो इतर चार-पाच गोष्टींवर.

सर्वप्रथम आम्ल वर येणे. स्वित्झर्लंडमधील चाचणीत पाच वर्षांनी स्लीव्ह झालेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के रुग्णांत हा त्रास वाढला, बायपास झालेल्यांत ६ टक्क्यांत. फिनलंडच्या चाचणीत दहा वर्षांनी अन्ननलिकेचा दाह स्लीव्हनंतर ३१ टक्के, बायपासनंतर ७ टक्के. आता हे पहा: रुग्ण सर्जनसमोर ‘ॲसिडिटी नाही’ असे सांगतो, कारण त्याच्या लेखी ती व्याधीच नसते. दर आठवड्याला पँटोप्राझोलची पट्टी कोण नेतो हे औषध दुकानदाराला माहीत असते, आणि अविपत्तिकर चूर्ण किती वर्षे चालू आहे हे आपल्याला. ही माहिती कागदावर लिहून रुग्णाच्या हाती द्यावी, आणि शस्त्रकर्मापूर्वी जठराची दुर्बीण-तपासणी झालीच पाहिजे असा आग्रह धरावा.

दुसरा मधुमेह. क्लीव्हलँड क्लिनिकच्या स्टॅम्पीड चाचणीत पाच वर्षांनी एचबीए१सी ६ किंवा त्याखाली राहिलेले रुग्ण केवळ औषधोपचारात ५ टक्के, स्लीव्हनंतर २३ आणि बायपासनंतर २९ टक्के होते. मधुमेह नवा आणि सौम्य असेल तर दोन्ही शस्त्रकर्मे चांगला गुण देतात. फार जुना, इन्सुलिनवरचा असेल तर दोन्हींचा गुण मर्यादित. मधल्या अवस्थेत बायपासचे पारडे जड असते. मधुमेह ‘कायमचा गेला’ असे कोणी रुग्णाला सांगत असेल तर ते खोडून काढावे; तो परतू शकतो.

तिसरी गोष्ट वेदनाशामके. बायपासनंतर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी जोडावर व्रण होतो. कर्जत तालुक्यातील छत्तीस वर्षांच्या एका भगिनीचा बीएमआय ३८ होता. मधुमेह नाही, जळजळ नाही, पण जुना आमवात, आणि वेदनाशामकाशिवाय सकाळी हात हलत नाहीत. त्यांना एके ठिकाणी बायपास सुचवले होते. आमवाताच्या औषधांची यादी आम्ही सोबत दिल्यावर त्याच सर्जनने विचार बदलून स्लीव्ह केली. सर्जनची चूक नव्हती. ती यादी त्यांच्यापुढे कोणी ठेवलीच नव्हती.

तंबाखूचेही तसेच. धूम्रपानाने जोडावरील व्रणाचा धोका बराच वाढतो; विडी, तंबाखू, मिश्री, सारे सोडल्याशिवाय बायपासचा विचार करू नये.

आणि शेवटी, आमच्या भागापुरते बोलायचे तर सर्वांत जड मुद्दा: हा रुग्ण आयुष्यभर गोळ्या घेईल का, आणि तपासणीला जाईल का? कर्जतहून मुंबई छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १०० किलोमीटर. खोपोलीहून निघणाऱ्याची एक पाळी बुडते, पलीकडच्या वाडीवरून निघणाऱ्याचा पावसाळ्यात पूर्ण दिवस जातो. पहिल्या वर्षी उत्साह असतो, तिसऱ्या वर्षी ‘आता बरा आहे’ म्हणून गोळ्या सुटतात. स्लीव्हनंतरही जीवनसत्त्वे लागतातच. पण बायपासनंतर ती सोडणे म्हणजे पांडू, अस्थिक्षय आणि नाडीतंतूंची हानी ओढवून घेणे. ज्याच्या घरी क्षयाची किंवा रक्तदाबाची औषधे मध्येच सोडण्याचा इतिहास आहे, त्याला बायपास सुचवताना दहा वेळा विचार करावा. हा इतिहास सर्जनला कसा कळणार?

शस्त्रकर्मानंतर आपले काम

शोधनानंतर पेया, विलेपी, यूष या क्रमाने अग्नी जपत नेणारा संसर्जनक्रम ज्याला कळतो, त्याला या रुग्णांचा आहार समजावून सांगणे जड नाही. साधारण दोन आठवडे द्रव, मग दाटसर, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी घास. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत. भात कर्जतकरांच्या जिव्हाळ्याचा, येथील संशोधन केंद्राने वाणही दिले आहेत. पण लहानशा पिशवीत आधी भात गेला की डाळ, अंडे, मासळी यांना जागा उरत नाही. म्हणून आधी मुगाचे वरण, ताक, अंडे, जवळा, आणि भात शेवटी चार घास. वाल पहिले तीन-चार महिने टाळावेत.

काही धोक्याच्या जागा मात्र स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिल्या दोन आठवड्यांत नाडी १२० च्या वर, ज्वर, डाव्या खांद्यात वेदना असे काही दिसले तर टाक्यांतून गळती समजून तत्काळ पाठवावे. पोट मऊ लागते म्हणून थांबू नये. दोन-तीन आठवडे उलट्या होत असलेल्या रुग्णाला अशक्तपणासाठी ग्लुकोजचे सलाइन लावण्याची आपल्याकडे सवय आहे. ती येथे घातक ठरू शकते. शरीरातील बी-१ संपलेले असताना ग्लुकोज दिले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आधी थायमिनचे इंजेक्शन, मगच ग्लुकोज. बायपास झालेल्या रुग्णाच्या पोटात केव्हाही, कितीही वर्षांनी, तीव्र कळा आल्या तर हिंग्वाष्टक किंवा शंखवटी देऊन सकाळची वाट पाहू नये. एक्स-रे सामान्य असला तरी आतडे अडकलेले असू शकते.

कल्पांविषयीही विचार हवा. अवलेहातील साखरेने बायपासच्या रुग्णाला घाम, धडधड, जुलाब होतात. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्य असते आणि या दोन्ही शस्त्रकर्मांनंतर मद्य रक्तात झपाट्याने चढते. त्यांऐवजी क्वाथ किंवा चूर्ण योजावे. मोठ्या वट्या पहिले काही आठवडे कुटून द्याव्यात. वमन कर्म या रुग्णांत आयुष्यभर वर्ज्य मानावे आणि स्नेहपान व तीक्ष्ण विरेचन सर्जनला विचारल्याशिवाय करू नये, असे माझे मत आहे.

औषध दुकानदार बंधूंना विशेष विनंती. शस्त्रकर्मानंतर मधुमेह व रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्रा झपाट्याने कमी करावी लागते. जुन्या चिठ्ठीवर ग्लिमेपिराइड देत राहिल्यास साखर एकदम खाली जाते. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांचे शोषण बायपासनंतर बेभरवशाचे असते. कॅल्शियम सायट्रेट द्यावे, कार्बोनेट नव्हे. आणि ते लोहाच्या गोळीपासून दोन तास दूर. पाठदुखीसाठी कोणी गोळी मागितली तर पोटाचे शस्त्रकर्म झाले आहे का, एवढा एक प्रश्न विचारावा. पॅरासिटामॉल चालते.

सुरुवातीच्या गृहस्थांकडे वळतो. त्यांना मी दोन्हींपैकी एकही नाव सांगितले नाही. आधी दुर्बीण-तपासणी करून घेण्यास सांगितले. तीत हायाटस हर्निया आणि अन्ननलिकेचा दाह निघाला, त्यामुळे स्लीव्ह बाजूला पडली. पित्त वर येण्याच्या शक्यतेमुळे मिनी बायपासही दोन्ही सर्जननी सोडून दिले, आणि रू-एन-वायवर त्यांचे एकमत झाले. तंबाखू सुटायला चार महिने गेले. तोवर तारीख दिली नाही. गोळ्यांचे काम त्यांच्या पत्नीने अंगावर घेतले आणि बी-१२ च्या इंजेक्शनची तारीख कोपऱ्यावरच्या औषध दुकानातील कॅलेंडरवर लिहिली जाऊ लागली. वजन ८१ किलोवर आले, एचबीए१सी ६.२, मधुमेहाची एकच गोळी.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री त्यांचा मुलगा त्या दुकानात पोटदुखीवर औषध मागायला गेला. दुकानदाराने औषध दिले नाही. मला फोन केला. पोट मऊ होते, उलटी एकच झाली होती, पण कळ थांबत नव्हती. तासाभरात त्यांना गाडीत घालून द्रुतगती मार्गाने रवाना केले. पहाटे शस्त्रकर्म झाले. आतडे फटीत अडकले होते, काळे पडलेले नव्हते. कापावे लागले नाही.